परदेशातून दत्तक मूल मुंबईत घरी आणताना: खोली नंतर सजवा, आधी माणसं तयार करा

मॅच झालं, म्हणजे आपल्यासाठी मूल ठरलं, त्याचा फोटो आला, की पुढच्याच रविवारी आपण फर्निचर बघायला निघतो. गाडीच्या आकाराचा बेड, भिंतीवर ढगांचा वॉलपेपर, खेळण्यांनी ठासून भरलेलं कपाट. हौस असते, असू दे, पण दुसऱ्या देशातल्या संस्थेतून येणाऱ्या तीन-चार वर्षांच्या पोराला त्या वॉलपेपरचं काही म्हणजे काही पडलेलं नसतं. त्याला कळायला हवं असतं की इथे भूक लागली की कोण देणार, रात्री उठलो तर कोण येणार, आणि हे जे दोघं मला घेऊन आलेत ते उद्या पण असणार का. तयारी करायची ती याची, आणि यातली बरीचशी आजूबाजूच्या मोठ्या माणसांची असते.

आमचा मुलगा थायलंडहून आला त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील, बाकी देशांचं जे पक्कं माहितीये तेवढंच लिहिते. भारतातून बाहेर दत्तक जाणारी मुलं लोकांना ऐकून माहीत असतात, बाहेरून भारतात येणारं मूल ही गोष्ट इतकी कमी घडते की निम्म्या काउंटरवर तुम्हालाच समोरच्याला नियम समजावून सांगावा लागतो, तेव्हा नियमाचं प्रिंटआउट बॅगेत असू द्या आणि डोकं थंड असू द्या.

आधी कागद, एकदाच आणि नीट

थोडक्यात सांगते. १९९३ चा हेग दत्तक करार, म्हणजे एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक जाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, भारताने २००३ मधे स्वीकारला आणि आपल्याकडे त्याचं काम दिल्लीचं कारा, म्हणजे केंद्राचं दत्तक प्राधिकरण, बघतं. भारतीय नागरिक परदेशातलं मूल दत्तक घेतात तेव्हा दत्तकाची प्रक्रिया आधी त्या देशात, त्यांच्या कायद्याने व्हावी लागते. कारा तुमचा होम स्टडी रिपोर्ट (तुमची आणि घराची पाहणी), मुलाचा चाइल्ड स्टडी रिपोर्ट (त्याची पार्श्वभूमी) आणि मेडिकल रिपोर्ट बघून कराराच्या कलम ५ आणि १७ खाली मंजुरी देतं. मुलाकडे तिथला पासपोर्ट असतो म्हणून त्याला तिथल्या भारतीय दूतावासातून एंट्री व्हिसा घ्यायचा, आणि इमिग्रेशन क्लिअरन्स गृह मंत्रालयाच्या फॉरेनर्स डिव्हिजनकडून, तो पण दूतावासामार्फतच. कोणी सांगेल की पटकन टुरिस्ट व्हिसावर आणा मग इथे बघू, तर त्याचं अजिबात ऐकू नका, इथे आल्यावर तो गुंता सोडवण्यात महिनोन्महिने जातात आणि तेच महिने तुम्हाला मुलासाठी हवे असतात.

परत येताना हातात काय काय असलं पाहिजे: दत्तकाची ऑर्डर किंवा ताबा दिल्याचं पत्र, मुलाचा जन्माचा दाखला, पासपोर्ट, देश सोडायची परवानगी, सगळ्याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर, आणि कागद ज्या देशाचा त्या देशाचा अपोस्टिल (कागद खरा आहे असा सरकारी शिक्का) लागत असेल तर तो तिथेच करून घ्या, मुंबईत बसून परदेशी कागदाचा अपोस्टिल होत नाही. दत्तक हेग कराराप्रमाणे झालं असं सांगणारं कलम २३ चं सर्टिफिकेट सगळ्यात महत्त्वाचं. पण ते सगळीकडे लगेच मिळत नाही. थायलंडमधे मूल आधी तुमच्याकडे देखरेखीखाली राहतं, कमीत कमी सहा महिने, दर दोन महिन्यांनी रिपोर्ट जातो, मग त्यांच्या दत्तक बोर्डाची मंजुरी आणि शेवटी नोंदणी. म्हणजे मूल घरात असतं, जेवतं, भांडतं, पण कागदोपत्री दत्तक अजून व्हायचं असतं. याची मानसिक तयारी ठेवा. आणि स्पेलिंग! थाईतून इंग्रजीत नाव लिहिताना एकाच नावाची तीन स्पेलिंग सहज होतात, पासपोर्टवर जे आहे तेच प्रत्येक भाषांतरात आहे ना हे तिथे बसूनच अक्षर-अक्षर तपासा.

अजून एक. तारखा. थाई कागदांवर बौद्ध सन असतं, आपल्या सनात ५४३ मिळवायचे, म्हणजे लसीच्या कार्डावर २५६५ दिसलं तर ते २०२२. मुंबईतल्या डॉक्टरला हे माहीत असायचं काही कारण नाही, त्यामुळे लसीच्या कार्डाची एक स्वच्छ प्रत आपल्या तारखांनी तयार करून ठेवा.

बातमी सगळ्यांना कधी सांगायची? मी म्हणेन, उशिरात उशिरा. देश मधेच दार बंद करू शकतात. इथिओपियाने २०१८ मधे परदेशी दत्तक बंद केलं, चीनने सप्टेंबर २०२४ मधे नात्यातली दत्तकं सोडून बाकी सगळं थांबवलं, आणि दोन्ही वेळेला मॅच झालेली, वाट बघत बसलेली कुटुंबं मधेच अडकली. व्हिसा हातात येईपर्यंत आजी-आजोबा आणि ऑफिसमधला एक बॉस, एवढ्यांनाच माहीत असलं तरी चालतं. फोटो तर फॅमिली ग्रुपवर अजिबात नाही, बऱ्याच देशांत अंतिम ऑर्डरआधी फोटो बाहेर जाऊ देत नाहीत आणि आपल्याकडे ग्रुपवर गेलेला फोटो सकाळपर्यंत चिपळूणला पोचलेला असतो.

सुट्टीचं गणित

२०१७ मधे मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात दत्तक आईसाठी १२ आठवडे आले खरे पण अट घातली तीन महिन्यांखालच्या बाळाची. परदेशातून येणारं मूल तीन महिन्यांच्या आत घरी येतच नाही, कागदच तेवढ्यात होत नाहीत. त्यामुळे कायदा आपल्या बाजूने असेलच हे धरून चालू नका, एचआरला ईमेल करून आत्ताची पॉलिसी लेखी मागा, दत्तक बाबाला काय मिळतं ते पण विचारा, आणि उरलेलं साठवलेल्या रजेतून, बिनपगारी रजेतून, वर्क फ्रॉम होममधून कसं जोडायचं ते प्रवासाच्या खूप आधी ठरवा. दोघांपैकी एक जण पहिले काही महिने पूर्ण वेळ घरात हवाच, पाळणाघर हा पर्याय सुरुवातीला मोजूच नका. त्याच ईमेलमधे ग्रुप मेडिक्लेममधे मुलाचं नाव कुठल्या तारखेपासून घालता येईल ते पण विचारून घ्या.

तिकडे गेल्यावर काय विचारायचं

तिथल्या सांभाळणाऱ्या बायकांशी जेवढं बोलता येईल तेवढं बोला, दुभाषा घेऊन, वही घेऊन. संचालकबाई फाइलमधलं सांगतात, खरी माहिती रोज आंघोळ घालणारीकडे असते. किती वाजता उठतो, कशावर झोपतो, पालथा की कुशीवर, दिवा लागतो का, किती मुलं एका खोलीत असतात, काय खातो, काय थुंकतो, हाताने खातो का चमच्याने, पाणी गार की कोमट, शी-शूसाठी काय म्हणतो, रडला की कशाने थांबतो, कुत्र्याला घाबरतो का, कोणाला घाबरतो, जवळचा मित्र कोण, आजारी पडला होता का, कधी दवाखान्यात राहिला का, आणि त्याला नेमकं कोणत्या नावाने हाक मारतात. हे शेवटचं थायलंडमधे फार महत्त्वाचं, तिथे कागदावरचं नाव वेगळं आणि रोजचं छोटं टोपणनाव वेगळं, कागदावरच्या नावाने हाक मारलीत तर पोर मान पण वळवणार नाही.

त्या बाईंचा फोटो काढा, मुलाबरोबरचा. त्यांच्याकडून त्यांच्या भाषेत एक छोटा व्हिडिओ करून घ्या की हे तुझे आई-बाबा, तू यांच्याबरोबर जातोयस, मला माहितीये आणि मला चालणार आहे. असा निरोप मिळालेलं मूल आणि दुपारी झोपेतून उचलून गाडीत घातलेलं मूल यांच्या पहिल्या महिन्यात खूप फरक असतो. जाण्याच्या काही आठवडे आधी तुमचा अल्बम तिकडे पाठवता आला तर बघा, जाड पानांचा, मोठे फोटो, आई, बाबा, घराचं दार, झोपायची जागा, आजी-आजोबा, बस. सतरा नातेवाईक नकोत.

त्याची चादर, उशी, तुटकी खेळणी जे देतील ते घ्या, आणि ती चादर धुवायची नाही! वास जातो. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरी पोचल्या पोचल्या ती मशीनमधे गेलेली असेल.

आणि जन्मतारखेबद्दल शंका असली, मूल कागदावरच्या वयापेक्षा लहान दिसलं, तरी वय बदलायच्या फंदात लगेच पडू नका. संस्थेत वाढलेल्या मुलांची उंची मागे पडते, मोठा काळ राहिलेल्यांचा ढोबळ हिशोब असा धरतात की तिथल्या दर तीन महिन्यांमागे वाढीचा एक महिना मागे. घरी आल्यावर त्यातलं बरंच भरून निघतं. कुपोषित मुलाचा हाडांचा एक्सरे आणि दात बघून काढलेलं वय फसवं असू शकतं, वर्षभर खाऊ-पिऊ घाला मग बघा.

प्रवास

बँकॉक-मुंबई थेट विमान आहे, साडेचार तासांच्या आसपास, घड्याळात फरक फक्त दीड तासाचा, तेव्हा आम्ही सुटलो. कोलंबियासारख्या देशातून येत असाल तर थेट विमान नाही आणि फरक साडेदहा तासांचा, म्हणजे त्याचा दिवस ती तुमची रात्र. मधल्या विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसा मुलाच्या पासपोर्टवर लागतो का ते वेगळं बघा, तुम्हाला लागत नाही म्हणून त्याला लागत नाही असं नसतं आणि उलटंही असू शकतं. आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतल्या यलो फीव्हरच्या देशांतून येणाऱ्या नऊ महिन्यांवरच्या प्रत्येकाकडे लसीचं कार्ड असावं लागतं, लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, आणि कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमधे ठेवू शकतात. मुलाच्या पहिल्या आठवड्यात हे नकोच. तुम्ही तुमची लस सहारच्या एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनमधून आधी घ्या, मुलाची तिकडे घ्यायला लावा.

विमानात पोर कदाचित अख्खा वेळ रडेल, कदाचित दगडासारखं गप्प बसेल. गप्प बसलं म्हणून शहाणं म्हणू नका, घाबरलेलं मूल असंच बसतं. बऱ्याच मुलांनी कधी कारमधे बसून लांबचा प्रवास केलेला नसतो, सीटबेल्ट म्हणजे बांधून ठेवलं असं वाटतं, तर तिथे असतानाच टॅक्सीतून दोन-चार छोट्या फेऱ्या मारून बेल्टची सवय लावा.

टी-टूला उतरल्यावर घ्यायला एकच माणूस येऊ दे. एकच. हार नको, फुगे नकोत, "वेलकम होम"चा बोर्ड नको, काकांच्या पंधरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलरमधून आलेली वरात तर नकोच नको. घरी दारात भाकरतुकडा ओवाळायचा असेल तर ओवाळा, मी त्याच्या आड येणार नाही, आजीचा तो हक्क आहे, पण अर्ध्या मिनिटात, कॅमेरा बंद ठेवून, आणि मूल तुमच्या कडेवर असताना. मग सगळे आपापल्या घरी.

घर

आता घर. वनबीएचके असेल तर उत्तमच, सॉरी म्हणू नका कोणाला. आपल्याकडे मुलं आई-बाबांजवळ झोपतात ही सवय इथे फार उपयोगी पडते. पण काही मुलांना मोठ्या माणसाला चिकटून झोपायची सवय नसते, तो स्पर्शच परका असतो, अशावेळी तुमच्या पलंगाशेजारी खाली त्याची गादी घाला, हात खाली सोडून ठेवा, हवा तेव्हा तो धरेल. वीस मुलांच्या हॉलमधे झोपणाऱ्याला बंद खोलीतली शांतता आणि काळोख भीतीदायक वाटतो, छोटा दिवा आणि पंख्याचा आवाज राहू द्या.

खिडक्या! बैठ्या इमारतीत वाढलेल्या मुलाला सातव्या मजल्याची उंची म्हणजे काय ते कळत नाही, तो खिडकीत चढेल. सगळ्या खिडक्यांना आणि बाल्कनीला ग्रिल, गॅलरीतलं स्टूल आत, बाथरूमला आतून कडी लागणार नाही अशी सोय, गिझरचं तापमान कमी, फिनेल-हार्पिक वरच्या फळीवर. लिफ्टची भीती असते बऱ्याच जणांना, सुरुवातीला जिन्याने न्या.

खेळणी चार-पाच. खरंच. बाकी सगळी माळ्यावर टाका. संस्थेत स्वतःचं असं काही नसतं, एकदम पन्नास वस्तू समोर आल्या की मूल खेळत नाही, फेकतं.

आणि तारीख निवडता येत असेल तर गणपती-दिवाळीचा आठवडा टाळा. खालून ढोल-ताशा आणि वरून सुतळी बॉम्ब, त्यात नवीन देशातला चौथा दिवस, कशाला? कुकरच्या शिट्टीला सुद्धा मुलं किंचाळतात, तेव्हा पहिल्या दिवसांत मूल बाथरूममधे असताना दार लोटून कुकर लावा, मग हळूहळू त्याला दाखवून लावा, शिट्टी झाली की टाळी वाजवायची असा खेळ करा.

आजी, मावशी, शेजारी, वॉचमन

आपण सगळ्यात जास्त अडकतो ते इथे. आपल्याकडे मूल घरात आलं म्हणजे ते सगळ्यांचं. जो येतो तो उचलतो, गाल ओढतो, मांडीवर घेतो, खिशातून चॉकलेट काढतो. एरवी यात काही वाईट नाही. पण या मुलाने आजवर किती हात बघितलेत हे लक्षात घ्या, सकाळच्या शिफ्टची बाई, रात्रीच्या शिफ्टची बाई, आठवड्याला येणारे पाहुणे. त्याला माणसं खूप भेटलीत, त्याचं असं एक माणूस भेटलेलं नाही. म्हणून पहिले निदान दोन-तीन महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं, लागल्यावर फुंकर घालणं हे सगळं फक्त आई आणि बाबा करणार. आजीने पण नाही, आपल्या लाडक्या कामवाल्या मावशींनी पण नाही. कोणी खाऊ आणला तर तो आईच्या हातात द्यायचा, आई मुलाला देणार.

आणि एक गोष्ट नातेवाईकांना हमखास उलटी वाटते. मूल आल्या दिवसापासून कोणाच्याही कडेवर जात असेल, पोस्टमनचा पण हात धरून निघत असेल, तर सगळे खूश, किती माणसाळलेलं आहे, अजिबात त्रास नाही! खरं तर त्याला अजून आपलं आणि परकं हा फरकच कळलेला नाही. आईपासून दूर जाताना ते रडायला लागलं, पाहुणे आले की तुमच्या मागे लपलं, तर ती चांगली बातमी.

आजी-आजोबांना नुसतं लांब राहा म्हणू नका, त्यांना काम द्या. त्याच खोलीत बसून स्वतःचं निवडणं-टिपणं करणं, बँकेची, बिलांची कामं, डबा करून पाठवणं, आणि आल्या-गेल्याला दारात थोपवणं, यात आज्या फार तरबेज असतात, एकदा कारण पटलं की त्यांच्यासारखा वॉचमन नाही. बारसं, नाव ठेवणं, पार्टी हे सगळं सहा महिन्यांनी करू असं आधीच जाहीर करून टाका. नाव बदलायचा आग्रह धरणाऱ्यांना माझ्याकडून नम्र नमस्कार: त्याच्याकडे त्याचं म्हणून आलेलं तेवढंच आहे, ते राहू द्या, हवं तर पुढे मधे एक मराठी नाव जोडा.

ग्रुपवर टाकायला मेसेज लागतोच, तर हा घ्या, आपल्याप्रमाणे बदला:

"आपला छोटू घरी आला आहे आणि ठीक आहे. त्याच्यासाठी भाषा, जेवण, माणसं सगळंच नवीन आहे, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिले काही आठवडे घरात आम्ही तिघंच असू. कृपया न सांगता येऊ नका आणि राग मानू नका. भेटाल तेव्हा त्याला लगेच उचलून घेऊ नका, खाऊ आमच्याकडे द्या. डबे मात्र चालतील, तिखट कमी!"

"डॉक्टरांच्या सल्ल्याने" हे शब्द काढू नका, आपल्या लोकांवर दुसरं काही चालत नाही.

दिसण्यावरून प्रश्न येणारच. लिफ्टमधे, बागेत, रिक्षावाला, भाजीवाली. "तुमचाच का?" "नेपाळी आहे का?" "खरी आई कुठेय याची?" आणि शाळकरी पोरं सरळ "चिंकी" म्हणतात, ते कुठून शिकतात ते वेगळं सांगायला नको. उत्तर छोटं आणि एकच ठरवून ठेवा, दोघांनी तेच द्यायचं: "हो, आमचाच. थायलंडला जन्मला." एवढं पुरे. तो तिथे कसा आला, आई-वडील कोण, का सोडलं ही गोष्ट त्याची आहे, ती सोसायटीच्या मीटिंगला वाटायची नाही, जवळच्या नातेवाईकांना सुद्धा नाही, कारण आज जी गोष्ट तुम्ही काकूला सांगाल ती दहा वर्षांनी त्याला चुलतभावाकडून कळेल. त्याला स्वतःला मात्र पहिल्या दिवसापासून सांगत राहायचं, वयाला झेपेल तेवढं. सेक्रेटरी आणि वॉचमनला एकदा भेटून सांगा की मूल आमच्यापैकी एकाशिवाय गेटबाहेर जाता कामा नये, कोणीही न्यायला आलं तरी.

जेवण

तांदूळ खाणाऱ्या देशातून येणारं मूल आपल्याकडे निम्मी लढाई जिंकूनच येतं. थाई मुलांना सकाळी भाताची पातळ पेज ओळखीची असते, आपली तांदळाची पेज, मऊ भात, वाफवलेला मासा, अंडं, केळं, पपई, यावर पहिले आठवडे आरामात निघतात. मासे मुंबईत काही कमी नाहीत, काटे मात्र नीट काढा. पोळी, दही, कडधान्य हळूहळू. दूध लिटर-लिटर पाजायची घाई नको, पूर्व आणि आग्नेय आशियातल्या बऱ्याच लोकांना मोठेपणी दूध पचत नाही, मुलाचं पोट बिघडतंय का ते बघत वाढवा.

काही मुलं थांबतच नाहीत खायची, किंवा भाताचा गोळा उशीखाली लपवतात, गालात धरून ठेवतात. ओरडू नका, हिसकावू तर अजिबात नका. त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, केळी, कुरमुरे, राजगिऱ्याच्या वड्या, आणि तो कायम भरलेला राहू द्या. डबा रिकामा होत नाही हे कळायला वेळ लागतो पण कळतं. "एवढंसं ताटात टाकू नये" वगैरे संस्कार वर्षभराने.

डॉक्टर

आल्यापासून दोनेक आठवड्यांत मुलांच्या डॉक्टरकडे एक लांब अपॉइंटमेंट घ्या, ताप-खोकल्याच्या गर्दीच्या वेळेत नाही. परदेशातल्या रिपोर्टवर सगळं नॉर्मल लिहिलेलं असलं तरी तपासण्या परत करायच्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीबीची टेस्ट, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, शिसं, जंतांसाठी शी, आणि डोळे, कान, दात. टीबी, हिपॅटायटिस, एचआयव्ही या सहा महिन्यांनी पुन्हा, कारण संसर्ग अगदी नवा असेल तर पहिल्या टेस्टमधे सुटू शकतो. आग्नेय आशियातून येणाऱ्या मुलांत थॅलेसेमिया, हिमोग्लोबिन ई आणि जीसिक्सपीडीची कमतरता हे रक्ताचे आनुवंशिक दोष बऱ्यापैकी आढळतात, तर हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लगेच लोहाचं सिरप सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिन कुठल्या प्रकारचं आहे ते बघणारी रक्ताची टेस्ट) करून घ्यायचं का हे स्वतःहून विचारा. लसीच्या कार्डावर शंका असेल तर डॉक्टर अँटीबॉडी तपासतात किंवा सरळ परत लस देतात. एकाच छताखाली बरेच मुलांचे स्पेशालिस्ट हवे असतील तर परळचं वाडिया आहेच. पण सगळ्या सुया एकाच दिवशी टोचून आणू नका, आणि रक्त काढताना मूल तुमच्याच मांडीवर असू दे, मागच्या खोलीत नेतो म्हणाले तर नाही म्हणा.

भाषा

निघण्याआधी त्याच्या भाषेतले तीस-चाळीस शब्द पाठ करा: खायचं, पाणी, दुखतंय, झोप, शू, थांब, ये, मी परत येतो. उच्चार चुकेल, चालेल. इथे मात्र घरात एकच भाषा ठेवा. आपल्याकडे आई मराठी, बाबा ऑफिसच्या नादात इंग्रजी, मावशी हिंदी आणि टीव्ही तिन्हीत, नवीन मुलाला यातून एकही धड पकडता येत नाही. घरची मराठी तर मराठी, शाळेचं इंग्रजी येतं मागाहून. लहान मुलं आधीची भाषा भराभर विसरतात, काही महिन्यांतच बोलणं बंद होतं, आणि नवी अजून आलेली नसते, त्या मधल्या काळात चिडचिड, चावणं, आपटणं होतं. खुणा करा, चित्रं दाखवा. पण वर्ष होत आलं तरी मराठी शब्द जुळत नसतील तर "दोन भाषांमुळे होतंय" म्हणून वाट बघत बसू नका, कान आणि बोलणं दोन्ही तपासून घ्या.

शाळेची घाई नको. एक वर्ष मागे बसला तर काही बिघडत नाही, शेजारचा त्याच वयाचा आर्यन कुठल्या इयत्तेत आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय.

तुमचंही बघा. पहिले दिवस गोड जातात मग अचानक पोर लाथा मारायला लागतं, तुम्हाला ते आवडेनासं होतं, बाथरूममधे रडू येतं. जन्म दिलेल्या आयांना होतं तसं दत्तक आई-बाबांनाही डिप्रेशन येतं. कौन्सेलरचा नंबर मूल यायच्या आधी फोनमधे सेव्ह करा, मग शोधायची ताकद नसते.

नंतरचे कागद

व्हिसावर रजिस्ट्रेशन करा असं लिहिलेलं असेल तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या ऑफिसच्या) पोर्टलवर करून टाका, आणि व्हिसा कधी संपतो ते कॅलेंडरवर तीन महिने आधीपासूनच्या रिमाइंडरसकट टाका. आधारसाठी परदेशी नागरिकाचं भारतात १८२ दिवस वास्तव्य लागतं, तोवर पासपोर्टवरच सगळं चालवायचं, केवायसीवाल्यांशी हुज्जत घालू नका. भारतीय नागरिकत्व आपोआप मिळत नाही, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली भारतीय आई-वडिलांचं अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालचं) मूल म्हणून नोंदणीचा अर्ज करावा लागतो, अर्ज ऑनलाइन भरायचा आणि पुढची कामं कलेक्टर ऑफिसमधून, शहरात राहत असाल तर फोर्टच्या जुन्या कस्टम हाउसमधे, उपनगरात असाल तर वांद्रे पूर्वेला चेतना कॉलेजजवळ. अर्जाला अंतिम दत्तकाचे कागद लागतात म्हणून देखरेखीचे रिपोर्ट वेळेवर जाणं महत्त्वाचं. आमच्यासारखं थायलंडचं प्रकरण असेल तर शेवटची नोंदणी थाई वकिलातीमार्फत होऊ शकते आणि मुंबईत त्यांचं कॉन्सुलेट आहे, बँकॉकचं तिकीट काढण्याआधी तिथे विचारा. देखरेखीचा रिपोर्ट करायला येणाऱ्या सोशल वर्करच्या भेटीच्या तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि रिपोर्टबरोबर पाठवायचे फोटो त्या त्या आठवड्यातच काढून वेगळ्या फोल्डरमधे टाका, आदल्या रात्री शोधायला बसलात की सगळ्या फोटोंत मूल पाठमोरंच सापडतं.